दोन गल्ल्या पलीकडचं गिऱ्हाईक

आमच्या गेटवर 'घर विकणे आहे' असा बोर्ड चार महिने लटकत होता. खाली माझा नंबर. त्या चार महिन्यांत जे फोन आले त्यातले बहुतेक एजंटांचे, दोन-तीन भाड्यानं खोली मिळेल का विचारणारे, आणि एक बोर्ड रंगवणाऱ्याचा, अक्षरं पुसट झालीत म्हणून.

घर सोलापुरात, विजापूर रोडच्या आतल्या वसाहतीत. वडिलांनी 1984 ला प्लॉट घेतला, 1987 ला बांधलं. ते 2019 ला गेले. मी पुण्यात, ताई लातूरला, आई एकटीच. 2024 च्या दिवाळीत तिनंच विषय काढला. गुडघे, जिना आणि पाणी. सोलापूरकराला पाण्याचं वेगळं सांगायला नको. चार-पाच दिवसांआड सुटणार, तेही कधी रात्री. उठा, मोटर लावा, हौद भरा. "आता माझ्याच्यानं होईना," म्हणाली.

किंमत मी ऐंशी लाख ठरवली होती. कशावरून? जुळे सोलापुरात मित्रानं नवीन घर घेतलं होतं, त्याच्या आकड्यावरून. तेवढाच माझा अभ्यास.

मार्चमध्ये मावसभाऊ मला सात रस्त्याजवळच्या एका एजंटाकडे घेऊन गेला. भागात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दलाली दोन टक्के म्हणाले. मी विचारलं, दोन्ही पार्ट्यांकडून? "मग काय, दोन्हीकडून." अर्धा तास घासाघीस होऊन आमच्याकडून एक, घेणाऱ्याकडून एक असं ठरलं आणि मी ते कागदावर लिहून घेतलं. त्यांनीही काही वाईट वाटून घेतलं नाही. मग त्यांनी किंमत विचारायच्या आधी विचारलं, "घर कुणाच्या नावावर हाय?"

वडिलांच्या, म्हटलं.

"म्हणजे आज कुणाच्याच नाही की सर."

पुढचे दीड-दोन महिने या एका वाक्यात गेले. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, म्हणजे आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते, काढलं. धारक म्हणून वडिलांचंच नाव. वारस नोंद आम्ही केलीच नव्हती. घरपट्टी भरतोय, वीजबिल भरतोय, म्हणजे घर आपलंच, असं आम्ही सहा वर्षं धरून चाललो होतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज, नोटिशीची मुदत, असं ते चक्र फिरलं.

त्यात ताईचा विषय आला. वडिलांची स्वतःच्या कमाईची मिळकत, मृत्युपत्र नाही, तेव्हा आई, ताई आणि मी तिघांचा सारखा हिस्सा. मी मनाशी धरलं होतं की ताई हक्कसोड पत्र करून देईल, मग आम्ही दोघं विकू, पैशाचं नंतर बघू. फोनवर तिला तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पुढचे आठ दिवस तिचा फोन नाही. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "ताईंना विचारलाव का नुसतं सांगितलाव?" मग नीट विचारलं. तिला पैशापेक्षा एवढंच हवं होतं की विकणाऱ्यांत तिचं नाव असावं. त्या घराच्या बांधकामावर शाळेतून आल्यावर तिनंही पाणी मारलं होतं. मला ते आठवायला हवं होतं. तिघांची नावं लागली, विषय संपला.

दुसरी भानगड मात्र खरी भानगड. प्रॉपर्टी कार्डावर एका पतसंस्थेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, होती. बांधकामासाठी काढलेलं कर्ज वडिलांनी केव्हाच फेडलेलं, पण नोंद कमी करून घ्यायची राहिलेली. ती पतसंस्था मधल्या काळात बंद पडून अवसायकाच्या, म्हणजे संस्था गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात गेली होती. म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला मागायचा कुणाकडे, हाच प्रश्न. मी तर हात टेकले. अण्णा घरी आले, चहा घेतला आणि मला सोडून आईकडे वळले. "काकू, साहेब जुने कागद कुठं ठेवायचे?" आईनं कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली. लग्नपत्रिका, माझे प्रगतिपुस्तक, सिमेंटच्या पावत्या, आणि सगळ्यात खाली शेवटच्या हप्त्याची पावती आणि संस्थेच्या शिक्क्याचं बेबाकी पत्र. ते घेऊन सहकार खात्याच्या कार्यालयात अण्णांनी किती खेपा घातल्या मी मोजल्या नाहीत. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा साहेब मीटिंगला होते. मे महिन्यात बोजा कमी झाल्याचं कार्ड हातात आलं.

किमतीचं त्यांनी एका वाक्यात उरकलं. "घराला भाव नाही, जागेला हाय." अडतीस वर्षांच्या बांधकामाचे कुणी फार धरत नाही, दीड हजार फूट जागेचा हिशेब होतो. आजूबाजूचे झालेले व्यवहार त्यांनी सूची दोनच्या उताऱ्यांवरून, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या सरकारी नोंदींवरून, दाखवले. साठ ते पासष्ट. आई काही बोलली नाही, मला मात्र दोन दिवस राग होता.

रंग द्यायला त्यांनी नको म्हटलं, घेणारा पाडून बांधणार असेल तर पैसे पाण्यात. फक्त हौद साफ करून घ्या, म्हणाले, आणि बोअरला पाणी किती फुटांवर लागलं ते काकूंना विचारून ठेवा. खरंच, येणारा प्रत्येक माणूस हॉलच्या आधी हौदाचं झाकण उघडून बघायचा. दाखवायची वेळ संध्याकाळी सहानंतर. दुपारच्या त्रेचाळीस अंशांत स्लॅबखाली उभं राहिलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

पहिलं पक्कं वाटणारं गिऱ्हाईक सत्तरला तयार होतं. पण त्यातले पंधरा लाख रोख. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याच्या बोडक्यावर बसतो, म्हणजे आईच्या, ताईच्या आणि माझ्या. नाही म्हटलं. अण्णांनी खांदे उडवले, पण गळ घातली नाही.

मग जूनमध्ये जे आले ते दोन गल्ल्या पलीकडचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग, घरात तेलुगू, आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठी. मुलाचं लग्न ठरलेलं, घर अपुरं पडत होतं. आईला रोज सकाळी फुलं तोडताना भेटणारी माणसं! मी विचारलंच, चार महिने बोर्ड बघत होता, फोन का नाही केला? काका जरा अवघडले. "तुमच्या आईला आम्ही अक्का म्हणतो. अक्काच्या घराला कमी भाव कसा बोलायचा?"

अण्णांच्या ऑफिसात मात्र ते भरपूर कमी बोलले. पंचावन्नपासून सुरुवात. आम्ही आतल्या खोलीत, ते बाहेरच्या, अण्णा मध्ये येरझाऱ्या घालताहेत. कोण काय बोललं ते दुसऱ्याच्या कानावर जसंच्या तसं पडत नव्हतं, हे मला कळत होतं आणि बरंही वाटत होतं. शेवटी बासष्टला सौदा ठरला. इसार चेकनं, साठेखत म्हणजे विक्रीचा करार, मग त्यांच्या बँकेच्या वकिलाचा मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासणारा सर्च रिपोर्ट, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. बोजा राहिला असता तर सगळं इथेच अडलं असतं.

मावसभाऊ, ज्यानं अण्णांची ओळख करून दिली तोच, आता म्हणायला लागला की गिऱ्हाईक तर तुमच्याच गल्लीतलं, अर्धी दलाली दे. मी पूर्ण दिली, चेकनं, आणि पावती घेतली. पावती नुसती शिस्त म्हणून नाही. भांडवली नफा, म्हणजे घर विकून झालेला नफा, मोजताना ही रक्कम विक्रीच्या खर्चात वजा होते.

कराचं सीएनं सांभाळलं. घर जुनं म्हणून मूळ किमतीच्या जागी धरायला 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत मूल्यांककाकडून काढली. मिळकत 23 जुलै 2024 च्या आधीची असल्यानं नफ्यावर सरळ साडेबारा टक्के कर, की महागाई निर्देशांक धरून वीस टक्के, यातलं जे कमी पडेल ते. शिवाय पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापायचा. घेणारे बापलेक दोघं, विकणारे आम्ही तिघं, प्रत्येक जोडीचा एक असे सहा फॉर्म. हे त्यांच्या सीएला आमच्या सीएनं समजावण्यात एक आठवडा गेला.

ऑगस्टमध्ये दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. मुद्रांक शुल्क सहा टक्के, नोंदणी फी तीस हजार, दोन्ही त्यांच्याकडे. आईचा अंगठा मशीन घेईना. भांडी घासून रेषाच गेलेल्या. ओल्या रुमालानं पुसून, दाबून, पाचव्या खेपेला उमटला. ती नंतर पायऱ्यांवर बसून म्हणाली, एवढा जोर तर लग्नात मंगळसूत्राच्या मण्यांनाही लागला नव्हता. कशाचा कशाला संबंध, पण सगळे हसलो.

ताबा दसऱ्याला दिला. किल्ल्या मी दिल्या, पण त्यांच्या सुनेला हौदाजवळ नेऊन कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा, मोटर किती मिनिटांनी बंद करायची, हे आईनं दाखवलं. आता ती पुण्यात माझ्याकडे असते, नळाला रोज पाणी असतं. तरी चार-पाच दिवसांनी एकदा तिकडे फोन जातोच.

"आलं का गं पाणी?"