ट्रकच्या एबीएसचा दिवा: माझा अनुभव
माझा सहा चाकी ट्रक 2016चा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बर्फातली मासळी भरायची आणि आंबा घाटातून रातोरात कोल्हापूर गाठायचं, हे त्याचं काम. मेअखेरीस रिकामी गाडी घेऊन घाट उतरत होतो. वळवाच्या सरीने रस्ता बुळबुळीत झालेला. एका वळणावर ब्रेक मारला तशी मागची चाकं लॉक झाली आणि गाडी कठड्याकडे सरकली. जेमतेम दोन हात राहिले. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा चार दिवस पेटत होता, पण ब्रेक लागतायत ना, म्हणून मी चालवत राहिलो. एबीएस बंद पडलं तरी साधे एअर ब्रेक लागतातच. फक्त चाक अडकलं की सोडवणारं कोणी नसतं.

1 जूनला मासेमारी बंदी सुरू झाली, गाडी उभी राहिली. एका गॅरेजने स्कॅनर लावला. ‘मागचं डावं चाक, सिग्नल नाही.’ लगेच चाकाचा वेग मोजणारा नवा सेन्सर बसवला. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. आता दुसरा सेन्सर घ्या म्हणाले, तेव्हा मी गाडी थेट हातखंब्याला चुलत काकांकडे नेली. ते जुने वायरमन.

“बाळा, स्कॅनर चाक सांगतो, कारण नाय सांगत,” काका म्हणाले.

पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन खाली स्टँड दिले. टाकीत पुरेशी हवा भरल्याशिवाय पार्किंग ब्रेक सुटत नाही आणि चाक फिरत नाही, म्हणून आधी इंजिन चालवून हवा भरली. सेन्सरचा प्लग काढून मल्टीमीटर लावला: 1.15 किलोओहम. कॉईल, म्हणजे सेन्सरच्या आतलं तारेचं वेटोळं, धडधाकट. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवला आणि मी हाताने चाक फिरवलं, दोन सेकंदांत साधारण एक फेरा. किमान 0.2 व्होल्ट तरी यायला हवा होता. काटेकोर बघितलं तरी 0.05च्या वर जाईना.

या जुन्या पद्धतीच्या सेन्सरला बाहेरून करंट लागत नाही. आत चुंबक आणि तारेचं वेटोळं, समोर हबवर दातेरी रिंग. दाते जवळून सरकले की वीज तयार होते. अंतर वाढलं की ती मरते. सेन्सर बाहेर काढला तर टोकाला लोखंडाचा कीस केसांसारखा उभा राहिलेला. दात्यांमध्ये गंजाचे पापुद्रे. काकांनी चाक वर-खाली हलवलं, तेव्हा खरं दुखणं कळलं: बेअरिंग सैल होतं. डगमगणारी रिंग सेन्सरला दर फेऱ्यात मागे ढकलत होती. म्हणून नवा सेन्सरही तीन दिवसांत लांब गेला.

बेअरिंग तपासून हबचा नट नीट सेट केला. रिंग तारेच्या ब्रशने घासली, सेन्सरला जागेवर धरणारी स्प्रिंगची बुश बदलून ग्रीस लावलं आणि सेन्सर रिंगला टेकेपर्यंत हाताने दाबला. यात हातोडी कधीच वापरू नये, आतली कॉईल तुटते. पुढे चाक फिरलं की रिंग स्वतःच हवं तेवढं अंतर करून घेते. मीटरवर 0.5 व्होल्ट आला. गाडी थोडी चालवली, दिवा विझला.

आठवड्याने भर पावसात तो पुन्हा लागला! या वेळी स्कॅनरवर कोड मागच्या उजव्या चाकाचा. मीटर मात्र सगळं ठीक दाखवत होता, ओहमही, व्होल्टही. काकांनी मीटर ओहमवर लावूनच वायर बोटाबोटाने हलवत नेली. चेसिसच्या कनेक्टरपाशी आकडा एकदम गायब, सोडला की परत. कनेक्टर उघडला तर पिना हिरव्या झालेल्या, तांबं चिमटीत भुगा होऊन आलं. खराब भाग कापून सोल्डर केलं, वर आकसणारी नळी चढवली.

पिना गंजवणारं पाणी आलं कुठून, ते मी मग वाकून बघितलं. हौद्यातलं बर्फाचं खारट पाणी ज्या पाइपमधून गळतं, त्याचं तोंड बरोबर अ‍ॅक्सलवर होतं. त्याला तीन फूट रबरी नळी जोडून ती मागच्या बंपरपलीकडे नेली. 1 ऑगस्टला बंदी उठली. पहिल्या खेपेला चावी फिरवताना केबिनची काच खाली केली. चेसिसखालून एबीएसच्या व्हॉल्व्हची टक-टक ऐकू आली आणि गाडीने थोडा वेग घेताच दिवा विझला. आता प्रत्येक खेपेनंतर मागचा अ‍ॅक्सल गोड्या पाण्याने धुतो.