ऐकली, घेतली नाही

मृग लागून आठवडा उलटला होता, पावसाचा पत्ता नव्हता आणि दुपार झाली तरी दुकानात बोहनी नव्हती. छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याजवळ माझं जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे. वडील याच गाळ्यात रेडिओ दुरुस्त करायचे. ज्येष्ठात विक्री होत नाही हे मी धरूनच चालते. गिऱ्हाईक शहरातलं असलं तरी त्याच्या घरातला पैसा शेतीच्या चालीनं फिरतो. दसरा ते संक्रांत हात सैल असतो, ज्येष्ठ-आषाढात बी-बियाणं, खत आणि पोरांच्या शाळा. वाळूजच्या कंपनीत महिन्याचा पगार घेणारासुद्धा जूनमध्ये गावाकडे पैसे पाठवतो आणि माझ्याकडे येऊन नुसत्या रेकॉर्ड चाळतो.

या चाळणाऱ्यांबद्दल आधी सांगायला हवं. अजिंठा-वेरूळ करून परतणारे पुण्या-मुंबईचे लोक तासाभरात दोन-तीन हजार सहज खर्च करतात. त्यांना बहुतेक वेळा कव्हर हवं असतं, भिंतीवर फ्रेम करून लावायला. आत रेकॉर्ड कशी आहे हे फारसं कुणी विचारत नाही, कारण घरी प्लेअरच नसतो. यात नवल नाही. संगीताच्या खपाचे आकडे ठेवणाऱ्या ल्युमिनेट या कंपनीच्या २०२३ सालच्या अहवालात अमेरिकेत वर्षभरात विनाइल रेकॉर्ड घेणाऱ्यांपैकी निम्म्याच लोकांकडे प्लेअर निघाला होता. घ्यायचं ठरवून येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. ते पहिली हातात घेतलेली रेकॉर्ड सहसा परत ठेवतात आणि निघायच्या बेतात असताना शेवटच्या दहा मिनिटांत खरी खरेदी करतात. म्हणून मी कुणाच्या मागे मागे फिरत नाही. बरोबर आलेल्या, घड्याळ बघत बसणाऱ्या माणसासाठी दोन खुर्च्या ठेवल्यात. त्या खुर्च्यांनी मला जेवढा धंदा दिला तेवढा कुठल्याही जाहिरातीनं दिला नाही.

आणि मग शहागंजचा तो मुलगा. विद्यापीठात एम.ए. करतो. रविवारी जाफर गेटच्या बाजारात चक्कर मारतो आणि तिथून माझ्याकडे येतो. हेडफोन लावून तीन-तीन, चार-चार रेकॉर्ड ऐकतो, प्रत्येकीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढतो, हात पुसून रेकॉर्ड पाकिटात सरळ घालतो आणि जातो. घेत काही नाही. रविवारी गल्ल्यावर माझा भाऊ असतो. त्याचं म्हणणं ठरलेलं : दोन रेकॉर्डपुढे ऐकण्याचे पन्नास रुपये लाव. सुई झिजते, वीज जळते, जागा अडते. हिशेबानं त्याचं बरोबर आहे. पण मला ते कधी पटलं नाही आणि त्या रविवारी सकाळीसुद्धा आमची त्यावरून वाजलीच होती.

चारच्या सुमारास दारात पिकअप थांबली. सेलूहून आली होती. तिशीतला एक माणूस आणि त्याची आत्या, सत्तरीच्या आसपासची. घर पाडून नवं बांधायचं होतं, आजोबांच्या रेकॉर्ड दोन लोखंडी पेट्यांत पडून होत्या. आजोबा, म्हणजे आत्याचे वडील अण्णा, सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटो पाहून मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं फोनवर सगळ्याची मिळून एक रक्कम सांगितली होती. नातवाला ती मान्य होती, पण आत्या म्हणाली, आधी कुणाला तरी डोळ्यांनी दाखवू.

पेटी उघडली की मी आधी वास घेते. बुरशी असेल तर तिथंच कळतं. मग एकेक रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरपी धरायची. सरळ पाहिलं तर सगळ्याच काळ्या कुळकुळीत दिसतात, तिरप्या उजेडात चरे उठून येतात. त्यानंतर मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेघा आहेत का बघायचं. रेकॉर्ड लावताना दांडी चटकन भोकात गेली नाही की ती लेबलवर घासते, त्यामुळे किती वेळा लावली आणि कशा हातानं लावली हे दोन्ही कळतं. मराठवाड्यातल्या रेकॉर्डची आणखी एक तपासणी असते, ती वाकलीय का. पत्र्याच्या घरात वैशाखातल्या बेचाळीस अंशांत आडव्या थप्पीत ठेवलेली एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, पापडासारखी होते. या पेट्यांतली एकही वाकलेली नव्हती. सगळ्या उभ्या, मध्ये पुठ्ठे घालून, आणि लेबलं जवळजवळ कोरी. अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तव्यांना वर्तमानपत्राचं अस्तर होतं. ते तवे लाखेचे, स्पिरिटनं पुसले की लाख विरघळते. म्हणून घेणाऱ्याला मी साध्या पाण्याचा फडका फिरवायला सांगते. हे मुनीमजींना ठाऊक असावं, कारण तव्यांची चकाकी तशीच होती.

दुसऱ्या पेटीच्या तळाशी लाल कापडी बांधणीची चोपडी निघाली. प्रत्येक पानावर वर ‘श्री’, वर्ष दिवाळीच्या पाडव्यापासून सुरू, पान संपलं की ‘पुढील पानावर’. मला वाटलं जिनिंगची असेल. पण जमेच्या बाजूला होते रेकॉर्डचे नंबर. ईपीवर, म्हणजे छोट्या रेकॉर्डवर छापलेले सात-ईपीई, एचएमव्हीच्या एलपीवरचे ईसीएलपी आणि ईएएलपी, ओडियन कंपनीचे एमओसीई. पुढे गाणाऱ्याचं नाव, किंमत, गाव. गाण्याचे शब्द कुठेही नाहीत. मुनीम माणूस, त्याला नंबर पुरेसा. माझं काम सोपं झालं, मी नंबर वाचायचा आणि नातवानं रेकॉर्ड काढून द्यायची. जमेतली एकही रेकॉर्ड पेटीत कमी नव्हती. एका एलपीच्या पैशांत तीन ईपी यायच्या, त्यामुळे सुरुवातीच्या पानांवर ईपीच जास्त. सुईचा खर्चही वेगळा लिहिलेला. आणि खरेदीच्या बहुतेक सगळ्या तारखा पौष ते फाल्गुनातल्या, जिनिंगच्या हंगामाचा पैसा हातात यायचा तेव्हाच्या. माझ्या दुकानातला आजचा हिशेब यापेक्षा फार निराळा नाही.

नावेच्या बाजूला काय लिहिलंय ते मला आधी कळेना. नंबर तसेच, पण किंमत नाही. फक्त तारीख, ‘परभणी’ किंवा ‘जालना’, आणि पुढे उर्दूत एक-दोन ओळी. काही नोंदींवर आडवी रेघ मारलेली.

“हे काय लिहिलंय अण्णांनी?” मी विचारलं.

“आम्हाला कुठं वाचता येतंय,” आत्या म्हणाली. “अण्णांची शाळा निजामाच्या राज्यातली. सगळं उर्दूतच शिकले ते. घरात कुणालाच दुसऱ्याला येत नव्हतं.”

तोपर्यंत शहागंजच्या मुलानं हेडफोन काढला होता. तो उर्दू माध्यमात शिकलेला. “मी बघू का, ताई?” म्हणाला. आत्यानं चोपडी त्याच्याकडे सरकवली.

त्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुकानात कुणी बोलेना. ‘ऐकली, घेतली नाही. दुसरी बाजू पहिलीपेक्षा चांगली.’ ‘ऐकली. सुई उडते, दुसरी प्रत आली तर बघू.’ हिराबाई बडोदेकरांच्या एका तव्यापुढे होतं, ‘पूर्ण ऐकली, दुकानदारानं पुन्हा लावली.’ शंकर-शंभू कव्वालांच्या रेकॉर्डपुढे ‘तबला फार वर, आवाज दबतो.’ बेगम अख्तरांच्या एका नंबरापुढे तर तीन वेगवेगळ्या वर्षांच्या तारखा होत्या आणि तिन्ही वेळा ‘घेतली नाही’.

रेघ मारलेल्या नोंदींचा अर्थ मग लागला. उधारी फिटली की मुनीम जशी नावेवरची रक्कम छेदतो, तशी रेकॉर्ड घेतली की त्यांनी ऐकल्याची नोंद छेदली होती आणि बाजूला जमेचं पान लिहिलं होतं. आम्ही पडताळत गेलो. न ऐकता घेतलेली जवळपास एकही नव्हती. ऐकणं आणि घेणं यांच्यात कधी दोन महिने, कधी वर्ष, आणि एका ठिकाणी तर सहा वर्षं.

माझा भाऊ गल्ल्यावरून उठून शेजारी येऊन उभा राहिला होता.

मग १९७२ ची दिवाळी आली. त्या वर्षाच्या जमेच्या पानावर वर ‘श्री’ आणि खाली बेरजेच्या जागी शून्य. मध्ये काहीच नाही. तो दुष्काळ आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कापूसच नाही तर जिनिंग कशावर चालणार? आत्या तेव्हा शाळेत होती. “अण्णांना अर्धा पगार. तोही कधी मिळायचा, कधी नाही,” ती म्हणाली. “मिलो ज्वारीची लाल भाकर खाल्ली आम्ही वर्षभर. गावातल्या बाया खडी फोडायला जायच्या. आईची माळ सावकाराकडं गेली ती त्याच साली.”

पण नावेची बाजू भरलेली होती. मुलगा वाचत होता. पौषात परभणी, माघात परभणी, चैत्रात दोनदा. जिनिंग बंद असली तरी मालकाच्या बँकेच्या कामाला मुनीमजींना परभणीला जावं लागायचं, असं आत्यानं सांगितलं. तेव्हाच त्या दुकानात बसून ते ऐकत होते. ‘ऐकली. अर्धीच, गाडीची वेळ झाली.’ ‘ऐकली. चहा दुकानदाराचा.’

“आई म्हणायची, ह्यांना गाडी कशी उशिरा मिळती दरवेळी,” आत्या म्हणाली. ती हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

त्या परभणीच्या दुकानदाराचं नाव चोपडीत कुठेही नाही. त्या वर्षी या माणसाच्या खिशात रेकॉर्डचे पैसे नाहीत, पुढच्या हंगामाचाही भरवसा नाही, हे त्याला दिसत असणारच. तरी तो रेकॉर्ड लावत राहिला. चोपडीत पुढे दोन वर्षांनी त्यातल्या बऱ्याच नोंदी छेदलेल्या सापडतात, सगळी खरेदी परभणीची. पण त्याला १९७२ मध्ये हे कसं ठाऊक असेल? मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. दुकानदार म्हणून मी हेच करू पाहते आणि ते कधी वहीत दिसत नाही. इथे ते एका गिऱ्हाइकानं तारीखवार लिहून ठेवलेलं माझ्या समोर होतं.

आत्याला आणखी एक गोष्ट लागली होती. घरात सगळ्यांची समजूत अशी की अण्णांनी आयुष्यभर रेकॉर्डवर पैसा उडवला. आईची ती कायमची तक्रार. नातवानं मोबाइलवर जमेची सगळी पानं बेरजेला घेतली. वीस-बावीस वर्षांची मिळून बेरीज तिच्या अंदाजाच्या पाव हिश्शाचीही झाली नाही. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. “आईला हे कळायला पाहिजे होतं,” एवढंच म्हणाली.

दरावर आलो. जुनी म्हणजे लाखाची, असं लोक इंटरनेटवर वाचून येतात. तसं नसतं. हिंदी चित्रपटाच्या बऱ्या एलपीला मी अडीचशे ते सहाशे देते, नेहमीच्या अठ्ठ्याहत्तरच्या तव्याला पन्नास ते ऐंशी. या रेकॉर्ड राखलेल्या होत्या म्हणून वरचा दर लावला. बेरीज मुंबईच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त आली, फार नाही, आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं. शिवाय मुंबईच्या व्यापाऱ्याला सगळंच हवं होतं. माझ्याकडे निवडून देता येत होतं. ज्या नोंदींपुढे उर्दूत काही चांगलं लिहिलं होतं त्या रेकॉर्ड आत्यानं मुलाकडून एकेक काढून घेतल्या आणि बाजूला ठेवल्या. नातू म्हणाला, “आत्या, ठेवायच्या कुठं?” ती म्हणाली, “मह्या खोलीत.” बाकीच्या मला दिल्या. चोपडीला मी किंमत विचारलीच नाही, ती तिच्या पिशवीत परत गेली.

जाण्याआधी मुलानं नावेच्या, न छेदलेल्या पानांचे फोटो काढू का म्हणून विचारलं. “काढ की बाळा,” आत्या म्हणाली. फोटो काढून तो थेट माझ्या खोक्यांकडे गेला आणि तासभर नंबर जुळवत बसला. बेगम अख्तरांची ती तीन तारखांची एलपी माझ्याकडे होती. मी हेडफोन काढून स्पीकर लावला. एक पूर्ण बाजू आम्ही सगळ्यांनी ऐकली, भाऊसुद्धा. संपल्यावर आत्यानं किंमत विचारली. मी नऊशे सांगितली. तिनं कव्हर उलटसुलट पाहिलं, मुलाच्या हातात दिलं आणि म्हणाली, “लई होतात की.” मुलानंही ती घेतली नाही. मी दर उतरवला नाही आणि तिनंही घासाघीस केली नाही.

ती एलपी अजून खोक्यात आहे. चित्रपटांच्या बऱ्याचशा एलपी पावसाळ्यात वेरूळच्या पाहुण्यांनी कव्हरांसाठी नेल्या. त्या कुणी ऐकेल असं वाटत नाही, पण त्याच पैशातून दुकानाचं भाडं निघालं. तवे नांदेडच्या एका संग्राहकानं दोन फेऱ्या मारून, सगळे ऐकून, निम्मे घेतले. पन्नास रुपयांचा विषय भावानं पुन्हा काढलेला नाही. ऐकण्याच्या टेबलावरची सुई बदलायला झाली होती, ती त्यानंच मागवली.

मुनीमजींचा एचएमव्ही फिएस्टा प्लेअर आत्या माझ्याकडे ठेवून गेली आहे. मोटर ठीक आहे, आतलं रबरी चाक कडक होऊन गेलंय, त्यामुळे वेग धरत नाही. चाक मुंबईहून यायचंय. पेरणीतून मोकळा झालो की न्यायला येतो, असं नातवानं फोनवर सांगितलं.