पीसफिल्डचं दगडी ग्रंथालय आणि ॲडम्स यांची रोजनिशी

बॉस्टनहून मेट्रोची रेड लाइन धरली की क्विन्सी सेंटरला उतरायचं. इथे अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांचं, जॉन ॲडम्स आणि त्यांच्या मुलाचं, घर आहे, पीसफिल्ड. मला ओढ होती ती धाकट्याची, जॉन क्विन्सी ॲडम्स यांची. खरं तर त्यांच्या कागदांची.

हा माणूस प्रशिया, रशिया, इंग्लंडमध्ये राजदूत होता, मग राष्ट्राध्यक्ष झाला आणि ते पद गेल्यावर १८३१ मध्ये साधा खासदार म्हणून पुन्हा संसदेत गेला. मला ही शेवटची सतरा वर्षं राष्ट्राध्यक्षपदापेक्षा मोठी वाटतात. गुलामगिरीविरोधी अर्जांवर चर्चाच करायची नाही, असा नियम सभागृहाने १८३६ मध्ये केला. ॲडम्स तरीही अर्ज घेऊन उभे राहत. बायकांनी पाठवलेले अर्जही त्यांनी हिरिरीने मांडले. तो नियम रद्द व्हायला १८४४ उजाडलं.

घराशेजारी बागेतच दगडी ग्रंथालय आहे. आपली पुस्तकं आणि कागद आगीपासून वाचावेत म्हणून वेगळी इमारत बांधा, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. मुलगा चार्ल्स फ्रान्सिस यांनी ती १८७० मध्ये बांधली. तेही गुलामगिरीचे विरोधक आणि यादवी युद्धाच्या काळात लंडनला अमेरिकेचे राजदूत. आत छतापर्यंत चढत गेलेली पुस्तकं आणि वरच्या कपाटांसाठी कठडा लावलेला सज्जा. 'अमिस्टॅड' जहाजावरून गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या आफ्रिकी बंदिवानांची बाजू ॲडम्स यांनी १८४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडली. सुटका झाल्यावर त्या लोकांनी त्यांना भेट दिलेलं बायबल याच संग्रहातलं.

कागद मात्र आता बॉस्टनला, बॉयल्स्टन स्ट्रीटवरच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. कुटुंबाने १९५६ मध्ये ते सोसायटीला देऊन टाकले. जॉन क्विन्सी यांची रोजनिशीच ५१ खंडांची आहे. बाराव्या वर्षी सुरू केलेली, ती थेट १८४८ पर्यंत.

त्यातली २९ मार्च १८४१ ची नोंद मी पुनःपुन्हा वाचली. 'अमिस्टॅड'चा खटला जिंकून तीन आठवडेही झालेले नाहीत, पण विजयाचा उल्हास कुठेच नाही. हात थरथरतो, नजर मंदावली आहे, दात पडावेत तशी एकेक शक्ती गळून चालली आहे. मी आता या कार्यासाठी काय करणार, असं ते स्वतःलाच विचारतात. आणि तरीही मन गप्प बसू देत नाही, लढता लढताच मरण येऊ दे, असंही लिहितात. फेब्रुवारी १८४८ मध्ये ते सभागृहात आपल्या जागेवरच कोसळले आणि दोन दिवसांनी संसद भवनातच गेले.

क्विन्सीला जाणार असाल तर ही रोजनिशी आधी चाळून जा. सोसायटीच्या संकेतस्थळावर मूळ पानं कुणालाही पाहता येतात.