मेलो, मेले, मेलं

व्हिडिओ गेममधल्या मनुष्येतर पात्रांना तो म्हणावे, ती म्हणावे की ते, या प्रश्नाने इंग्रजी संवादांचे फारसे अडत नाही, कारण समोरच्याने नायकाला ‘यू’ म्हटले की काम भागते. मराठीत गुहेच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्या किड्याने नुसते ‘कुठून आलास?’ विचारायचे म्हटले, तरी आलास, आलीस की आलंस हे तोंड उघडण्यापूर्वी ठरवावे लागते.

वेंगुर्ल्याच्या घरी पावसाळ्यात, वीज असेल तेव्हा, माझा भाचा ‘हॉलो नाइट’ खेळत असतो. टीम चेरी या ऑस्ट्रेलियन मंडळींनी २०१७ साली काढलेला हा खेळ किड्यामुंग्यांच्या एका उजाड भूमिगत राज्यात घडतो. त्याचा नायक म्हणजे पांढरा शिंगाळा मुखवटा, खाली काळा झगा आणि हातात खिळ्यासारखी तलवार. ते एक ‘पात्र’ आहे, शब्दशः पोकळ भांडे, आणि निर्मात्यांनी त्याला नर किंवा मादी असे काहीच ठेवलेले नाही. भाचा त्याला बिनदिक्कत ‘तो’ म्हणतो. शेजारी आठळ्या सोलत बसलेल्या त्याच्या आजीने मात्र चष्म्यावरून एकदा पाहून विचारले, ‘‘ह्यां बापडां एकटांच कित्याक फिरता?’’ मालवणीत चेडू, म्हणजे मुलगीसुद्धा ‘तां’ असते, आणि त्यात हेटाळणी नसून माया असते. खेळाचा एक शब्दही न वाचता आजीने नेमके लिंग काढले, असे माझे मत आहे.

देह पाहून लिंग ठरवण्याची खोड गेम करणाऱ्यांना फार आहे. ‘स्कायरिम’मधले आर्गोनियन हे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वळणाचे लोक, अंगावर खवले, मागे शेपटी, तरी त्यांच्या बायकांना स्तन दिलेले आहेत, जणू त्यावाचून खेळणाऱ्याला बाई ओळखूच आली नसती. पोकेमॉनवाल्यांनी १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये नर-मादी भेद आणला, तेव्हा लोहचुंबकाच्या मॅग्नेमाइटला निदान त्यातून वगळले, एवढे शहाणपण दाखवले.

आमच्याकडे देहाचा पुरावा कोणी मागत नाही. गावोगावची सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. वारूळ ते, ते बांधणारी वाळवी ती, आणि त्या वाळवीतले कामकरी नरही असतात व मादीही. पण आत नांदणारी सातेरी ही आई असल्यामुळे ती ‘ती’च, त्यासाठी वारुळाला नाकडोळे असावे लागत नाहीत. आरवलीचा वेतोबा रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. राखण करणारा तो ‘तो’. अंधारात दिसलेले भूत मात्र ओळख पटेपर्यंत ‘ते’ राहते, आणि कोणाचे कोण हे कळले की मुंजा तरी होते किंवा हडळ तरी.

ओळख लांबवायची असेल, तर त्याचीही सोय व्याकरणात आहे. ‘रात्री माडावरून उतरे, विहिरीवर पाणी ओढी, पहाटेआधी नाहीसे होई’ या वाक्यात ‘नाहीसे’ एवढेच गाळले, तर कोण उतरे याचा पत्ता लागत नाही, कारण रीतिभूतकाळातली एकवचनी क्रियापदे तिन्ही लिंगांना सारखीच चालतात. भविष्यकाळही तसाच: येईल, मारील, खाईल. ‘तुम्ही आलात’ म्हटले की आदरापोटी स्त्री-पुरुष हा भेद मिटतो. मराठीत असा खेळ लिहिणाऱ्याने जुन्या भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांकडे थोडे दिवस उमेदवारी करावी. त्या पोकळ नायकाला मी स्वतः ‘ते’ म्हणेन, आणि त्याच्या वाटेत सुई घेऊन उभी राहणाऱ्या हॉर्नेटला अर्थातच ‘ती’, कारण ती कोणाची तरी लेक आहे हे खेळातच कळते.

खेळणाऱ्यांना यातले काहीच नको असते. नायक दरीतल्या काट्यांवर पडला की भाचा ओरडतो, ‘‘मेलो!’’ त्याची धाकटी बहीण खेळायला बसली की त्याच काट्यांवर ‘‘मेले!’’ होते. ‘‘मेलां गो बाय तां,’’ असे फक्त आजी म्हणते, आणि मग दोघेही तिच्यावर चिडतात, कारण त्यांच्या मते ते अजून मेलेले नसते, जिथून खेळ पुन्हा सुरू होतो त्या मागच्या बाकावर नुसते परत जाऊन बसलेले असते.