स्लायडर शून्यावर नेला की रेषा का गायब होते?

डेरिव्हेटिव्हची, म्हणजे आलेखाच्या एका बिंदूपाशी असलेल्या चढाची, व्याख्या मुलं पाठ करतात, पण छेदिकेची (आलेखाला दोन बिंदूंत छेदणाऱ्या रेषेची) स्पर्शिका (एका बिंदूपाशी आलेखाला स्पर्श करणारी रेषा) होते म्हणजे नेमकं काय, ते फळ्यावरच्या स्थिर आकृतीतून दिसत नाही. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दिसतं.

वाय बरोबर एक्सचा वर्ग हा आलेख काढा. त्यावर ए हा बिंदू (१, १) इथे स्थिर ठेवा. एच नावाचा स्लायडर (सरकवून किंमत बदलायची पट्टी) −२ ते २ असा घ्या, पायरी ०.०१. त्याच आलेखावरच्या बी या बिंदूचा एक्स निर्देशक १ + एच. दोन्हींतून जाणारी रेषा काढून तिचा चढ पडद्यावर दाखवा. स्लायडर हलवण्याआधी चढ किती होईल याचा अंदाज मुलांना वहीत लिहायला लावा. नाहीतर ती नुसतं हलतं चित्र बघत बसतात.

एच १ असताना चढ ३, ०.५ ला २.५, ०.०१ ला २.०१. शून्यावर मात्र रेषाच नाहीशी होते. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. दोन्ही बिंदू एकच झाले, चढ ०/० झाला. माझ्या मते तासातला सर्वांत मोलाचा क्षण हाच, तेव्हा इथे भरपूर थांबा. ((१ + एच)² − १) ÷ एच हा चढ २ + एच इतका सोपा होतो, पण तो भागाकार एच शून्य नसतानाच चालतो, हे मुलांकडूनच काढून घ्या.

पायरी ०.००१ केलीत तर दशांश स्थळंही वाढवा. दोनच असतील तर २.००१ ऐवजी २ दिसतं आणि मुलांना वाटतं, पोचलो! अक्षांचं प्रमाण १:१ ठेवा, नाहीतर चढ डोळ्यांना चुकीचा भासतो.

मग एक्सचं केवलमूल्य घ्या, ए आरंभबिंदूवर. उजवीकडून चढ १, डावीकडून −१; दोन्ही जुळत नाहीत, म्हणून तिथे डेरिव्हेटिव्हच नाही.