खाणीतले दार आणि दोन कवी

१८४२ साली ब्रिटिश संसदेपुढे बालकामगारांविषयीच्या शाही आयोगाचा पहिला अहवाल आला. तो खाणींविषयी होता, आणि एरवी सरकारी कागद हाती न धरणाऱ्यांनीही तो पाहिला, कारण त्यात चित्रे होती: कमरेला पट्टा आणि पायांमधून साखळी घेऊन, रांगत कोळशाची गाडी ओढणारी पोरे आणि अंधारात एका लाकडी दाराशी बसलेले मूल. खाणीत उतरलेली हवा ठरावीक वाटेनेच फिरावी म्हणून बोगद्यांत अशी दारे बसवलेली असत. गाडी आली की दोरीने दार ओढायचे, गाडी गेली की ते नीट लागले आहे ना ते पाहायचे, एवढेच त्या मुलाचे काम. दार उघडे राहिले तर हवा भलतीकडून निघून जाते, पुढच्या बोगद्यात ज्वालाग्राही वायू साचतो आणि एखाद्या उघड्या ज्योतीने स्फोट होतो. ज्यावर सगळ्या खाणीचा जीव अवलंबून, ते काम सहा-सात वर्षांच्या मुलांवर सोपवले जाई, कारण त्याला ताकद लागत नसे आणि मजुरी नाममात्र होती. यॉर्कशरमधील गॉबर खाणीतल्या आठ वर्षांच्या सारा गूडरने आयोगाला सांगितले की ती पहाटे चारला, कधी साडेतीनलाच खाली जाते. दिवा नसतो, भीती वाटते. उजेड असला तर कधीमधी गाते, पण अंधारात गाण्याचे धाडस होत नाही.

याच चौकशीतून इंग्रजीतील एक गाजलेली कविता निघाली. आयोगाच्या कामावर नेमलेल्यांपैकी रिचर्ड हेन्री हॉर्न हा स्वतः कवी होता आणि लंडनमध्ये आजारपणामुळे खोलीत अडकून पडलेल्या एलिझाबेथ बॅरेटशी त्याचा नित्य पत्रव्यवहार होता. पुढे ब्राउनिंग या नावाने ओळखल्या गेलेल्या या कवयित्रीची ‘द क्राय ऑफ द चिल्ड्रन’ ऑगस्ट १८४३ मध्ये ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात छापून आली. त्यातली मुले सांगतात की प्रार्थनेतले ‘हे आमच्या पित्या’ एवढेच शब्द त्यांना येतात, पुढचे येत नाहीत. हा तपशील कवयित्रीने कल्पनेने रचलेला नव्हता. तो हॉर्नच्या अहवालातला आहे, असे तिने स्वतःच तळटीपेत नोंदवले. तिने खाण पाहिली नव्हती, आणि तिच्या घराण्याची संपत्ती जमैकातील गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या उसाच्या मळ्यांतून आली होती. यावरून तिला ढोंगी ठरवणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते, कारण त्याच खोलीत बसून शेकडो लोक निवांतपणे कादंबऱ्या वाचत राहिले असते. कवितेतल्या लांब-आखूड ओळी अडखळतात अशी तक्रार तेव्हाच झाली होती. गिरणीची चाके दिवसभर फिरतात, त्यांच्याबरोबर भिंती, छत आणि डोकेही फिरते, असे मुले सांगतात त्या ठिकाणी मात्र ही अडखळ मला फार योग्य वाटते.

तरीही एक गोष्ट खटकते. मेलेल्या छोट्या ॲलिसविषयी बोलताना ही मुले म्हणतात की आता तिला कामासाठी कोणी उठवत नाही, आणि वेळेआधी मरण येणे हेच बरे. वाक्ये डोळ्यांत पाणी आणतात, पण ती घडवलेली आहेत, आणि ती संसदेत बसणाऱ्यांच्या कानांसाठी घडवलेली आहेत. साराच्या जबानीतला गाण्याचा उल्लेख त्याहून साधा आणि त्याहून भेदक आहे. १८४३ च्याच डिसेंबरात ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात निनावी आलेले टॉमस हूडचे ‘द साँग ऑफ द शर्ट’ याच जातीचे. पोटासाठी शिवायला आणलेले कपडे गहाण टाकणाऱ्या एका विधवेच्या खटल्याची बातमी त्यामागे होती. भाकरी इतकी महाग आणि माणसाचे रक्तमांस इतके स्वस्त का, हा त्यातला प्रश्न धान्याच्या आयातीवर जकात बसवणाऱ्या कायद्यांच्या काळात थेट राजकीय होता, आणि ते कायदे १८४६ पर्यंत टिकले.

आता दाराच्या आतल्या बाजूला बसलेल्या मुलाकडे वळतो. जोसेफ स्किप्सी १८३२ च्या मार्चमध्ये नॉर्थंबरलंडमधील एका खाणकामगाराच्या घरी जन्मला. त्याच वर्षीच्या संपात त्याच्या वडिलांना एका खास नेमलेल्या शिपायाने गोळी घालून ठार केले. सातव्या वर्षी जोसेफ दार सांभाळायला खाणीत गेला. कोणी मेणबत्तीचे उरलेले तुकडे दिले तर त्या उजेडात, समोरच्या दारावर खडूने गिरवून तो लिहायला शिकला. कित्त्याला म्हणून जुन्या छापील जाहिराती होत्या. थंडीच्या दिवसांत त्याला सूर्य दिसे तो फक्त रविवारी. १८४२ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि दहा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरवण्यास बंदी आली, तेव्हा जोसेफला दहा पूर्ण होऊन जवळजवळ पाच महिने झाले होते. ज्या कायद्यासाठी सगळा देश हळहळला, त्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही.

मोठेपणी त्याने लिहिलेली ‘गेट अप!’ ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे. मध्यरात्री हाकारा येतो, माणूस लेकरांच्या घासासाठी उठतो, फ्लॅनेलचे कामाचे कपडे चढवतो, मुलांचे तीनतीनदा मुके घेतो आणि शीळ घालत दार लावून घेतो. हे दार पुन्हा उघडायला आपण येऊच असे नाही, हे त्याला ठाऊक आहे. ना दयेची याचना, ना देवाला प्रश्न, ना संसदेला उद्देशून एखादी ओळ. मराठी वाचकाला येथे नारायण सुर्वे आठवतील, पण सुर्व्यांचा कामगार उद्याच्या लढ्याविषयी बोलतो. स्किप्सीचा कामगार कामावर जातो, एवढेच. ती शीळ मला एलिझाबेथच्या साऱ्या कवितेपेक्षा मोलाची वाटते, कारण अशा वेळी माणूस काय करतो हे बाहेरून कल्पून सुचणारे नाही.

ही भीती अवाजवी नव्हती. १६ जानेवारी १८६२ रोजी हार्टलीच्या खाणीत पंपाच्या इंजिनाची ओतीव लोखंडी तुळई मोडून शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरण्याच्या उभ्या विहिरीत, कोसळली. वर येण्याची तेवढी एकच वाट होती, आणि ती बुजल्याने २०४ माणसे व मुले मृत्युमुखी पडली. प्रत्येक खाणीला बाहेर पडण्याच्या दोन वाटा हव्यात असा कायदा त्यानंतर त्याच वर्षी झाला. स्किप्सीने या दुर्घटनेवर लिहिलेला पोवाडा वाचून दाखवून मृतांच्या कुटुंबांसाठी मदत गोळा केली. हूडच्या थडग्यावर त्याच्या कवितेचे नाव कोरले गेले, एलिझाबेथ संग्रहांतून छापली जात राहिली, आणि स्किप्सी मात्र बहुतेक संग्रहांबाहेरच राहिला. उतारवयात १८८९ मध्ये चाहत्यांच्या शब्दाखातर त्याला स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या जन्मघराची देखभाल करण्याची नोकरी मिळाली. पण पर्यटकांना दाखवायच्या वस्तूंच्या खरेपणाचा पुरावा नसताना त्यांच्याविषयी रोज छातीठोकपणे बोलणे त्याला जमेना, आणि दोन वर्षांत तो ती नोकरी सोडून उत्तरेला परतला.