तुम्ही विचारलंत म्हणून: मुक्काम बोलोन्यात का?

"इटलीला जाऊन मुक्काम बोलोन्यात? व्हेनिसला एकही रात्र नाही?" विचारणाऱ्याचा चेहरा असा, की एजंटने गंडवलं बिचारीला. एजंट नव्हताच. नकाशा पुढ्यात घेऊन मीच ठरवलं होतं.

बोलोन्या म्हणजे जंक्शन. फ्लोरेन्स वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आत. फेरारा, पादोव्हा, व्हेनिस एकाच मार्गावर. मोझाइकवालं राव्हेन्नाही दिवसात होतं. वेगवान गाडीचं तिकीट उशीर कराल तसं महागतं, ती आधीच काढली. बाकी 'रेजोनाले', आपली पॅसेंजरच. भाडं ठरलेलं, आयत्या वेळी काढा. जूनच्या उन्हात बाबांना घेऊन रोज हॉटेल बदलायचं? जमणार नव्हतं.

आता पादोव्हा. तेही सांगते, नाहीतर नवरा सांगेलच.

तिथल्या स्क्रोवेन्यी चॅपलमधली जॉत्तो या चित्रकाराची सातशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं बघायला वेळ ठरवून आधी बुकिंग लागतं. आधी पंधरा मिनिटं एका बंद खोलीत बसवतात, आतली हवा बिघडू नये म्हणून, मग चित्रांसमोर जेमतेम तेवढाच वेळ. ही यात्रा मी त्या पंधरा मिनिटांभोवती आखली होती. सकाळी स्टेशनवर आलो तर बोर्डावर ओळीने 'कान्चेल्लातो', म्हणजे रद्द. संप. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक लोकल गाड्या सोडतातच, हे मला माहीत होतं. पण बाबांचा चहा, औषधं, नऊ वाजून गेले होते.

मी फोनवर बस शोधत होते. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. म्हणाले, "यांचं बाहेरचं घड्याळ बंद आहे गं. दहा पंचवीस. एवढं मोठं स्टेशन, आणि दुरुस्त करत नाहीत?" ते मुद्दामच तसं ठेवलंय. २ ऑगस्ट १९८० ला याच वेळी वेटिंग रूममध्ये बॉम्ब फुटला, ८५ माणसं गेली. सुट्टीवर निघालेली कितीतरी. भिंतीवर नावं आहेत, पुढे वय. बाबा एकेक वय बोटाने वाचत गेले. तीनवर थांबले. मग मला म्हणाले, "बस नको शोधूस."

मला राग आला होता. चित्रं बुडाली होती, पैसेही.

पादोव्ह्यातच एक रात्र काढली असती तर चालत गेलो असतो, हे नवऱ्याचं म्हणणं. खरं आहे. पण मग राव्हेन्ना सुटलं असतं, आणि त्याला तर तेच जास्त आवडलं. पुढच्या खेपेला कुठे राहू? बोलोन्यातच, बहुतेक. फक्त संपाच्या तारखा आधी बघून. त्या जाहीर करतात.